बेडूक, बगळे आणि आत्याचं फूल

नालोंगोबाई,

मित्यानाहून युनियाचा नमस्कार. वयाने मी थोरली, लग्नानेही मी थोरली, तेव्हा खरं तर हे पत्र हातात घ्यायच्या आधी तू गुडघे टेकायला हवेस. पण एका दमात दोन लेकरं काढून तू ‘नालोंगो’ झालीस, जुळ्यांची आई म्हणून गावभराचा मान घेऊन बसलीस, तेव्हापासून आपल्या दोघी सवतींत कोणी कोणापुढे वाकायचं हा वाद मी सोडून दिलाय. (घाई तुझ्या स्वभावातच. एकेक करून आणली असतीस तर काय बिघडलं असतं?) शिवाय माझे गुडघे एकदा टेकले की उठवायला दोघी लागतात. तुझे कसे आहेत? घरचे कसे? केळी कशी, कोंबड्या कशा, जुळ्यांतल्या थोरल्याचा, वास्वाचा, खोकला कसा? तू म्हणालीस ‘बरं’, मीही म्हणते ‘बरं’, म्हणजे रीत झाली. इकडे मी बरी, शेळी बरी. आपल्या म्हाताऱ्याच्या कबरीचं सिमेंट तडकलं होतं ते बुजवून घेतलं. तुझं आणि माझं अशी दोन घरं सांभाळताना गडी कधी एका जागी टिकला नाही, आता एकच घर उरलंय तर तेही गळायला लागलं.

तर बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. तुझं जिंजा लांब आहे, पण माझी भावजय प्रॉसी, तिच्या कानाला फोन चिकटलेलाच असतो. तिने तुला सांगितलं असणार की तिच्या लेकीच्या, तेन्दोच्या क्वांजुलाला, म्हणजे मुलाकडचे पहिल्यांदा उंबरा ओलांडून मुलीच्या घरी येतात त्या सोहळ्याला, भर मांडवात मुलीच्या आत्याने, म्हणजे मी, नवरदेव सोडून भलत्याच माणसाच्या छातीवर फूल टाचलं. खरं आहे. टाचलं. नाही म्हणून कुठे जाऊ, दोन्हीकडच्या वऱ्हाडाने पाहिलंय आणि अर्ध्यांनी फोनमध्ये भरून घेतलंय. पण नालोंगो, प्रत्येक गोष्टीला डोकं असतं आणि शेपूट असतं. प्रॉसीने तुला शेपूट धरून गोष्ट दाखवली. मी डोक्यापासून सांगते. डोकं बेडकाचं आहे, दचकू नकोस.

किसाक्ये, माझ्या धाकट्या लेकाची मुलगी, शाळेच्या सुट्टीत माझ्याकडे आली. पंधरा वर्षांची घोडी, दाराच्या चौकटीला डोकं लागतं, आणि कामाचं नाव काढलं की मांजरासारखी अंग काढून घेते. पेटीत कपडे थोडे आणि एक जाडजूड पुस्तक. वर डोळे पेटलेल्या बेडकाचं चित्र आणि शेजारी अर्धं डोकं भादरलेली मुलगी. मला वाटलं बेडकांमुळे होणाऱ्या रोगाचं पुस्तक असेल, दवाखान्यात फुकट वाटतात तसलं. मी म्हटलं, ठेव ते बाजूला आणि केळी सोलायला बस. तर म्हणते, “आजी, तू सोल, मी वाचून दाखवते.” कामाची वाटणी बघ पोरीची! मोठी साहेबीण होणार. पुस्तक होतं इंग्रजीत. मी तिसरीत शाळा सोडली (मास्तर म्हणायचे शाळेने मला सोडलं), त्यामुळे किसाक्ये ओळ डोळ्यांनी घ्यायची आणि आपल्या भाषेत तोंडाने द्यायची. पहिल्या दिवशी मी ऐकत नव्हते. दुसऱ्या दिवशी एका कानाने ऐकत होते. मग एक दिवस असा आला की पानांत बांधून शिजत लावलेली केळी चुलीवर करपली, पुडक्याचा धूर शेजारच्या घरात गेला, शेजारीण धावत आली, आणि मी तिला म्हटलं, “गप बस, बेडूक बोलतोय.”

गोष्ट तुला माहीत आहे. रविवारच्या शाळेत मडमेने आपल्याला सांगितली होती, मग तू तिथे झोपलेली असलीस तर सांगता येत नाही. राजकन्येचा सोन्याचा चेंडू विहिरीत पडतो, बेडूक तो काढून देतो, आणि बदल्यात तिच्या ताटात जेवायचं, तिच्या उशीवर झोपायचं असं वचन घेतो. तीच ही गोष्ट, पण अजून तीनशे वर्षांनी घडणारी. तोवर सरोवर म्हणे इतकं चढलेलं असेल की गावंच्या गावं लोखंडी पायांवर पाण्यात उभी. मुलगी पाण्याचे पंप दुरुस्त करते. तिचं खरं नाव उच्चारताना माझे उरलेसुरले दात हलतात, म्हणून मी तिला नान्तेझा म्हणते. सोन्याचा चेंडू म्हणजे उन्हावर भरणारा दिवा, त्याच्यावर सबंध शहराचा उजेड, आणि ही बया तो पाण्यात पाडते. (आपल्याकडे असता तर विहिरीत नसता पडला, संडासात पडला असता, तुझ्या वास्वाचा फोन पडला तसा. मग कुठला बेडूक येतोय काढायला!) बेडूक लोखंडाचा. त्याच्या आत एका मुलाचं मन कोंडून घातलंय एका डॉक्टरणीने, आणि त्याचं शरीर कुठल्याशा थंड पेटीत निजवलंय, बाजारातल्या माशासारखं. मी किसाक्येला विचारलं, मन काढताना दुखत नाही का? ती म्हणाली, पुस्तकात लिहिलेलं नाही. मग कसलं पुस्तक! मी असते तर आधी तेच लिहिलं असतं.

पण धरलं बाई मला त्या बेडकाने. का ते सांगते. नान्तेझा वचन देऊन मोडते, दार लावून घेते, आणि तो लोखंडाचा जीव पायऱ्या चढून येतो, टप, टप, आणि बाहेर बसून राहतो. ओरडत नाही, शिव्या देत नाही, नुसता वाट बघतो. मी चिडले. म्हटलं, दिला शब्द तर पाळ की गं कार्टे! किसाक्ये म्हणते, आजी, तिला ऐकू जात नाही. मी म्हटलं, तू जोरात वाच. पुढे बेडूक ताटावर बसतो आणि मुलीची आई त्याच्याशी हात मिळवते. तिथे मी चाकूच खाली टाकला. सासूने जावयाला हात लावला! “आजी, तो बेडूक आहे!” “बेडूक असेल नाहीतर सुसर असेल, जावई तो जावई. जावयाला शिवलेल्या सासूचे हात थरथरायला लागतात, लिहून ठेव.” आणि नालोंगो, तुला खोटं वाटेल, आणखी थोड्या पानांनी त्या बाईचे हात खरंच थरथरायला लागले. किसाक्ये म्हणाली ते डॉक्टरणीच्या विषाने. असू दे विषाने. कशाने होतं ते मला माहीत आहे.

आणि सगळ्यांत मोठी खोट सांगू? एवढं जाड पुस्तक, त्यात उडती वाहनं, बोलणारे दरवाजे, माणूस घडवणारी यंत्रं, पण त्या मुलीला आत्या नाही! आईबापांनी शहर सांभाळायचं, मान्य. पण पोरीने कोणाला उशीवर घ्यावं, कोणाला दारातूनच परतवावं, हे सांगायला कोण? आत्या असती तर गोष्ट दहा पानांत संपली असती. असं मी म्हणत होते. रोज म्हणत होते. देव वरून ऐकत असतो आणि त्याला चेष्टेची सवय आहे.

कारण त्याच दिवसांत तेन्दो आपण पसंत केलेल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. रीतच आहे, मुलगा आईबापांच्या अंगणात यायच्या आधी आत्याच्या घरी येतो. आत्याने त्याला डोक्यापासून टाचांपर्यंत बघायचं, चार वाकडे प्रश्न विचारायचे, घरी काय झाकलंय ते उकरायचं. त्याचं नाव लुयिमा. पाव आणला होता, साखर आणली होती, गुडघे टेकून बसला. आणि पडद्याआड किसाक्ये वाचत होती. मीच तिला सांगितलं होतं, थांबू नकोस, हळू आवाजात चालू ठेव, पाहुणा काय, येईल आणि जाईल. बेडूक त्या वेळी डॉक्टरणीच्या तळघरात उतरला होता. माझा एक कान पाहुण्याकडे होता, पण तो बहिऱ्या बाजूचा. तळघरात दिवा गेला की मी म्हणे “हं!”, आणि लुयिमा समजे त्यालाच म्हणाले. कुठे नोकरी करतो, आईबाप कोण, कुळ कोणतं, सगळं त्याने सांगितलं असणार. मी शेवटी म्हटलं, “पसंत!” खरं तर ते मी बेडकाच्या एका उडीला म्हटलं होतं. तेन्दोने माझ्या गळ्यात हात टाकले. मला त्या मुलाचं एवढंच आठवतं की पाव ताजा होता.

मग सोहळ्याचा दिवस. प्रॉसीने दोन मांडव घातले, एकात आपण, एकात ते. खुर्च्यांना फिती बांधल्या, नाकाने कांदे सोलत चौफेर फिरत होती, माझ्या गोमेसीचा, त्या सणासुदीच्या झग्याचा, पट्टा दोनदा सोडून पुन्हा बांधला, जसं काही मला पट्टा बांधायला तिनेच शिकवलं. मांडवात दोन्हीकडचे बोलके, म्हणजे घराण्याच्या वतीने बोलायला आणलेली माणसं, वकिली करत होते. त्यांचा म्हणतो, आम्ही वाट चुकलो. आपला म्हणतो, चुकलात तर पाणी पिऊन जा. त्यांचा म्हणतो, तुमच्या परसात एक फूल पाहिलंय. आपला म्हणतो, आमच्या परसात चिडणारी गायही आहे. लोक हसून लोळत होते. मी आत नवरीच्या खोलीत. तेन्दो सारखी उठून खिडकीपाशी जात होती, ताटाला हातही लावला नव्हता, म्हणून मी किसाक्येला म्हटलं, वाच तू. (हे मी तिच्यासाठी केलं असं प्रॉसीला सांगितलंय. तुला खरं सांगते, निम्मं तिच्यासाठी.) आणि नेमकं काय आलं! डॉक्टरणीने नान्तेझापुढे सात बेडूक ओळीने मांडलेत, सात एकासारखे एक, एकात तो मुलगा आणि सहा नुसतं लोखंड. ओळखलास तर तुझा, चुकलीस तर सातही वितळवीन. नान्तेझा विचार करते की यंत्र घाबरत नाही. ज्याला गमावण्यासारखं काही आहे, तोच घाबरतो. मग ती एकेकाच्या गळ्याकडे बघत चालते, कोणाचा गळा फडफडतोय... आणि बाहेरून हाक आली, “आत्याबाई! आपलं माणूस ओळखून घ्या!”

गेले. हातात नवरदेवाला टाचायचं फूल. समोर त्यांचा मांडव, आणि त्यात सगळे पुरुष पांढरेशुभ्र झगे, वर काळे कोट, रांगेत बसलेले. नालोंगो, बगळ्यांचा थवा! कुठला लुयिमा आणि कुठला लुयिमाचा चुलता! माझ्या डोक्यात एकच विचार आला की मी या माणसाचं तोंड कधी पाहिलेलंच नाही. पाय तर चालत होते, मागे वळायची सोय नव्हती, आपला बोलका माझं कौतुक गात होता, “आमच्या आत्याबाईंचे डोळे म्हणजे घारीचे!” मग मी काय करणार? नान्तेझाने केलं तेच केलं. रांगेच्या एका टोकापासून निघाले आणि प्रत्येकाचा गळा बघत चालले. पहिला निवांत. दुसरा जांभई देतोय. एकजण हसतोय, दात चांगले. आणि दुसऱ्या रांगेत एक पोरगा, घामाने भिजलेला, गळ्याची घाटी वर-खाली, डोळे चुलीवरच्या बेडकासारखे. मी म्हटलं, सापडलास! आणि ठोकलं फूल.

मागच्या रांगेतले बघायला उभे राहिले. मग कोणीतरी म्हणालं, “अगं बाई, हा म्पागी!” मग जे हसू फुटलं ते मांडवाचं कापड उडेल असं. म्पागी हा नवऱ्याचा मित्र. तो उठून उभा राहिला आणि रडायच्या बेतात म्हणाला, “आत्या, तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, काय कसं कळलं? तर नालोंगो, कोंबडा! मेव्हण्यासाठीचा कोंबडा! तो म्पागीच्या हाती सोपवला होता, वाटेत चहाला थांबले तिथे टोपलीतून निसटला आणि कोणाच्या तरी कसाव्याच्या शेतात गडप झाला. मेव्हण्याच्या, म्हणजे मुलीच्या भावाच्या, हातात कोंबडा पडल्याशिवाय मुलगी मिळत नाही, आणि ही गोष्ट याने कोणालाच सांगितली नव्हती, जसं काही बोलके विसरतील. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, इथे तर झाकायलाही कोंबडं नव्हतं. म्हणजे माझी परीक्षा बरोबरच होती बघ. सगळ्या मांडवात जो सर्वांत जास्त घाबरलेला होता तो मी एका फेरीत काढला. फक्त तो नवरा नव्हता.

आपल्या बोलक्याने सोड्याच्या पेट्यांचा दंड मागितला. त्यांचा म्हणाला, चूक तुमच्या घारीची, दंड तुम्ही भरा. शेजाऱ्यांचा कोंबडा उसना आणून वेळ मारून नेली. नवरा कुठे बसला होता विचारशील तर अगदी पुढच्या रांगेत, माझ्या नाकासमोर. मी त्याच्यावरून पुढे गेले होते.

हसू संपल्यावर प्रॉसीने मला स्वयंपाकघराच्या मागे गाठलं. म्हणाली, “वन्सं, तुमचं वय झालं. लग्नाला रेस्टीला आत्या करू.” रेस्टी, माझी सावत्र बहीण, आठवते ना? ओठ रंगवते आणि बोलताना फोनमध्ये स्वतःलाच बघते. मी भावाकडे पाहिलं. किगोझी भुईमूग गिळून बसला होता. रविवारी घरात बैठक आहे, तिथे ठरणार. म्हणजे लग्नाआधी तेन्दोला चार गोष्टी सांगायच्या, तिच्याबरोबर गाडीत बसायचं, चर्चच्या दारापर्यंत तिचा हात धरायचा, हे सगळं रेस्टी करणार, आणि मी मागच्या बाकावर पिशव्या सांभाळणार. आमच्या घरातल्या सगळ्या मुलींना मी पोचवलंय. एकही परत आली नाही, आणि जी आली ती मीच आणली होती, कारण नवरा मारकुटा निघाला. तेन्दो शेवटची. तिच्यानंतर पोचवायला कोणी नाही. मला रडू येतंय असं समजू नकोस, चुलीत ओली लाकडं आहेत.

तर काम असं की तू रविवारी ये. प्रॉसी तुला मानते, जुळ्यांच्या आईचा शब्द खाली पडत नाही. तू बैठकीत सांग की युनियाचे डोळे गेलेत. पांढऱ्यावर पांढरं तिला दिसत नाही, म्हाताऱ्याच्या हयातीतसुद्धा ती त्याच्या जागी खांबाशी भांडायची. काय वाटेल ते सांग. आंधळी म्हणाले तर चालेल, आंधळ्या बाईला आत्या राहता येतं. पण आत्या गोष्टीत रमली होती म्हणून पोरीचा नवरा बघायचा राहिला, हे कळलं तर मला या घरात कोणी पाणी विचारणार नाही.

तुझ्या नातवंडांना मुके, तुझ्या कोंबड्यांना दाणे, आणि तुला जिथे दुखत असेल तिथे आराम पडो.

तुझी थोरली,
युनिया

ता. क. डोळ्यांचं फार वाढवून सांगू नकोस. नाहीतर धरून दवाखान्यात नेतील, आणि तिथे मला बारीकातलं बारीक अक्षर दिसेल.

ता. क. दुसरा. टॅक्सीवाला तीन दिवस गेलाच नाही, म्हणून पत्र घरीच राहिलं. आता रविवारी येऊ नकोस, म्हणजे ये, पण खोटं बोलायला नको. तेन्दो येऊन गेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “आत्या, त्या दिवशी तू त्याला पाहिलंच नव्हतंस ना?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “तो मांडवात इतका शांत बसला होता, कारण त्याला वाटलं आत्याने आपल्याला नीट पाहिलंय.”  मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बोलाव त्याला. तो आला. किसाक्येला मी शेजारी पिटाळलं, पुस्तक तांदळाच्या डब्यात बंद केलं, आणि त्याला उजेडात बसवून पाहिलं. डावा कान जरा मोठा आहे. हसताना आधी तेन्दोकडे बघतो, मग हसतो. वाकडे प्रश्न विचारले, तीन ठिकाणी अडखळला, एकदाही खोटं बोलला नाही. मुलगा बरा आहे. पाव या वेळी शिळा होता, पण ते दुकानदाराचं पाप.

तेन्दो म्हणते, तिच्याबरोबर गाडीत मीच बसणार, आई काहीही म्हणो. आता रोज संध्याकाळी ती माझ्याकडे शिकवणीला येते. बायकोने काय बोलावं, काय गिळावं, ते मी पहिल्या दिवशी उरकलं. तेव्हापासून किसाक्ये वाचते आणि आम्ही दोघी ऐकतो. आणि इथे घोटाळा झालाय, नालोंगो. पुस्तक संपलं, पण गोष्ट संपली नाही! बेडूक ओळखला, पण मुलगा अजून लोखंडातच, त्याच्या थंड पेटीचं झाकण अर्धं उघडलंय, आणि शेवटच्या पानावर लिहिलंय की पुढचं दुसऱ्या भागात. असं कोणी करतं का? पाहुण्याला जेवायला बसवून ताट उचलण्यासारखं आहे हे. किसाक्ये म्हणते, दुसरा भाग तुझ्या नातीकडे आहे, मिरेम्बेकडे. तर टॅक्सीवाल्याच्या हाती पुढच्या शुक्रवारच्या आत पाठव, फडक्यात गुंडाळून. लग्न पुढच्या शनिवारी आहे, आणि तेन्दो म्हणते मुलगा लोखंडातून सुटल्याशिवाय आपलं लक्ष चर्चमध्ये लागायचं नाही. पाद्री ‘स्वीकारतेस का’ विचारेल आणि ही बेडकाच्या विचारात. आमच्या घराण्याला आता ते परवडणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. प्रॉसी येऊन गेली. बसली नाही, चहा घेतला नाही, दारातूनच म्हणाली, “वन्सं, रविवारची बैठक रद्द केलीय. गाडीत तुम्हीच बसा, रेस्टी छत्री धरेल.” मी म्हटलं, बरं. तरी हलेना. उगाच माझी फरसबी निवडायला लागली, चांगल्या शेंगाही टाकून दिल्या. मग म्हणाली, “तेन्दो घरी येऊन सगळं सांगते. ती डॉक्टरीण... पेटी उघडू देते का शेवटी?” मी म्हटलं, मला काय ठाऊक, पुढचा भाग जिंजाला आहे, नालोंगोला लिहितेय. तर म्हणते, “लवकर मागवा. पण मी विचारलं असं लिहू नका हं.”

म्हणून लिहीत नाही.